भट्टीत ठेवलेलं भाषण

"किती भाजायची?" इब्राहिमभाई मुकादमांनी विचारलं.

"भाजायची नाही, वाळवायची आहे," मी म्हणाले. "चोपन्न डिग्रीवर. आठ तास."

"म्हणजे टोस्टच्याही खालची आच."

"टोस्टला किती लागते?"

"ते मी कधी मोजलं नाही, बाई. हात आत घालतो. हात सांगतो."

टेपचं रीळ त्यांनी पत्र्याच्या ट्रेवर ठेवलं होतं. तपकिरी, ताटलीएवढं. ट्रेच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीच्या दोन नानकटाया चिकटून राहिल्या होत्या. इब्राहिमभाईंनी भट्टीच्या तोंडाशी हात नेला, डोळे मिटले, पुटपुटत वीसपर्यंत मोजलं आणि मान हलवली.

"अजून गरम आहे. पंधरा मिनिटं थांबा."

"हातावर भरवसा नको," वाचनालय सांभाळणाऱ्या आक्का म्हणाल्या आणि कमरेच्या पिशवीतून हायस्कूलच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर काढला. तो त्यांनी स्वतः जाऊन, सही करून आणला होता.

शुक्रवार, २४ मार्च २००६. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. शुक्रवारी मुकादम बेकरी बंद असते. गुरुवारची भट्टी हळूहळू निवत असते आणि तेवढी ऊब आम्हाला हवी होती. मी तेव्हा रत्नागिरीच्या एका दैनिकाची करंजवडे गावची वार्ताहर होते आणि त्या दिवशी भट्टीपाशी बसणं हे माझं अधिकृत काम होतं. वाचनालयाच्या समितीने तसा ठरावच केला होता. "नीलिमा रेडीज यांनी ध्वनिफीत वाळवण्याच्या प्रक्रियेस व श्रवणास उपस्थित राहून जसेच्या तसे टिपण ठेवावे." मी टिपणात चूक करत नाही, एवढी एक ख्याती गावात होती.

भट्टीपाशी आणखी एक गृहस्थ होते, शिर्केमामा. हरिश्चंद्र शिर्के, लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावणारे, वय चौसष्ट. ही टेप त्यांनी रेकॉर्ड केली होती आणि वीस वर्षं सांभाळली होती. पितळी कडीच्या लाकडी पेटीत, मलमलीत गुंडाळून. आणि तेच सकाळपासून म्हणत होते, "इब्राहिम, दोन लाकडं टाक की. चोपन्नचे साठ झाले तर काय बिघडतंय? लवकर तरी होईल."

---

या टेपवर भाऊसाहेब खातूंचं शेवटचं भाषण होतं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे संस्थापक. १२ नोव्हेंबर १९८५ रोजी वाचनालयाच्या सभागृहात ते एकेचाळीस मिनिटं बोलले आणि चार दिवसांनी वारले. तेव्हापासून दर १२ नोव्हेंबरला गावात श्रवणदिन होतो. तेव्हा शिर्केमामा पेटीतून रीळ काढत, मोठ्या लाउडस्पीकरच्या खोक्यावर ठेवत, त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहत. सगळे उभे राहत. दोन मिनिटं शांतता. मग टाळ्या, आणि रीळ परत पेटीत.

टेप कधीच वाजवत नसत.

"वाजवली की झिजते," मामा सांगायचे. "एकदा वाजवली की एक थर गेला. मग पुढच्या पिढीने काय ऐकायचं?"

कुणालाच ते गैर वाटत नसे. मी सात वर्षं या कार्यक्रमाची बातमी दिली. सातही वेळा "भाषणाचे स्मरण करण्यात आले" असंच लिहिलं. "श्रवण" हा शब्द एकदाही वापरला नाही.

मग आक्कांच्या खोलीचा प्रश्न आला. आक्का म्हणजे चंद्रभागा पाष्टे. सत्तावीस वर्षं वाचनालयाचं दार सकाळी साडेसहाला उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, वर्तमानपत्रं लावणाऱ्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवणाऱ्या. सभागृहामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्या राहत. ती खोली भाऊसाहेबांनी त्यांना तोंडी दिलेली होती, कागद नव्हता. वाचनालयाचे अध्यक्ष वकील दळी यांना त्या जागी मुलांसाठी अभ्यासिका करायची होती. अभ्यासिकेला विरोध कोणाचाच नव्हता, अगदी आक्कांचाही नव्हता. प्रश्न एवढाच होता की अडुसष्टाव्या वर्षी आक्का जाणार कुठे. विरारला एक पुतण्या होता. त्याच्या एका खोलीत आधीच सात माणसं होती.

दळींचं म्हणणं, भाऊसाहेब शेवटच्या भाषणात स्पष्ट म्हणाले होते, "मागच्या खोलीत पुढे मुलांनी अभ्यास करावा." ते स्वतः चौथ्या रांगेत होते, स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दुसऱ्या बाजूचे दोन सभासद म्हणत, भाऊसाहेब स्पष्ट म्हणाले होते, "चंद्रभागा आहे तोवर ती खोली तिची." तेही चौथ्या रांगेतच होते.

दोन्ही बाजूंना इतकी खात्री होती की ठराव एकमताने झाला. मसुदा दळींचा: "ध्वनिफितीमध्ये सदर खोलीत अभ्यासिका करण्याबाबत संस्थापकांचे शब्द आढळल्यास सदर खोली एक महिन्यात रिकामी करून घ्यावी, अन्यथा जैसे थे. ध्वनिफीत नादुरुस्त झाल्यास समितीने बहुमताने निर्णय घ्यावा."

बहुमत म्हणजे सातात पाच. आणि ते पाच अभ्यासिकेचे होते.

म्हणून १२ मार्चला टेप सगळ्यांदेखत पहिल्यांदा यंत्रावर चढली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंचाळली, वीतभर सरकली आणि थांबली. यंत्राच्या हेडवर, टेप जिथे घासून जाते तिथे, तपकिरी गोंद साचला होता. माझ्या टिपणात त्या दिवशी एक जादा ओळ आहे: "शिर्के यांचा चेहरा मोकळा दिसला." ती मी का लिहिली, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पुण्यात एक निवृत्त ध्वनितंत्रज्ञ होते, त्यांना मी फोन लावला.

"खाडीकाठचं गाव ना? हवेतलं पाणी शोषलंय टेपने," ते म्हणाले. "टेपवरची पावडर धरून ठेवणारा चिकटा असतो तो सुटतो. जुन्या टेपांचं होतंच हे. बेक करा."

"काय करू?"

"बेक. चोपन्न डिग्री, आठ तास. पाणी निघून गेलं की महिनाभर नीट वाजेल. मग पुन्हा चिकट. वर गेलात तर वाकेल, मग विसरा. आणि काय हो, ठेवली कुठे होती?"

"पेटीत. वर्षातून एकदा काढून लाउडस्पीकरवर ठेवायचे."

"कशावर?"

"लाउडस्पीकरवर. पूजेला."

"स्पीकरमध्ये केवढा लोहचुंबक असतो, माहीत आहे का बाई? आवाज पुसट झाला असेल," ते म्हणाले. "झाला असला तर सगळाच झाला असेल. बघा, नशीब."

---

साडेआठला रीळ भट्टीत गेलं. पारा त्रेपन्नावर होता. आक्का भट्टीच्या तोंडाशी पाटावर बसल्या आणि दर दहा मिनिटांनी आकडा सांगू लागल्या. मी लिहू लागले.

"त्रेपन्न."

"त्रेपन्न."

"साडेत्रेपन्न. लिही बाय, साडेत्रेपन्न."

"इब्राहिम," मामा म्हणाले, "हे असं तर संध्याकाळपर्यंत चालेल."

"आठ तास म्हटल्यावर संध्याकाळच होणार की, मामा. तुम्हाला घाई कसली? वीस वर्षं थांबलात."

"टेपची काळजी वाटते रे."

"काळजी वाटते तर लाकडं कशाला मागता?"

अकराच्या सुमारास मामा उठून भट्टीभोवती एक चक्कर मारून आले. साडेअकराला आणखी एक. आक्कांनी प्रत्येक फेरीला मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते.

मधे एकदा आक्का मला म्हणाल्या, "बाय, तो ठराव वाच गो परत."

मी वाचला. हा दुसऱ्यांदा.

"ते 'अन्यथा' म्हणजे काय?"

"म्हणजे तसे शब्द नाही सापडले तर."

"तर काय?"

"तर जैसे थे. आहे ते तसंच. तुम्ही खोलीत."

"आणि टेप वाकली तर?"

"तर बहुमत."

"हां," आक्का म्हणाल्या आणि पाट भट्टीच्या आणखी जवळ ओढला. "चोपन्न. लिही."

सव्वाला इब्राहिमभाई नमाजाला गेले. एक वीसला मी रस्त्यापलीकडच्या बूथवर गेले. कार्यालयाला फोन करून संध्याकाळी काय देणार ते सांगायचं होतं. फोनला सहा मिनिटं लागली. परत आले तर भट्टीसमोर एक लाकूड आडवं हवेत होतं. त्याचं एक टोक मामांच्या हातात, दुसरं आक्कांच्या. दोघंही एक शब्द न बोलता ओढत होती. लाकूड वर्तुळात फिरत होतं.

"भाषण जाळतायत हे!" मला बघून आक्का ओरडल्या. "एक टाकलं, दुसरं टाकायला निघाले!"

"जाळत नाही, ऊब देतोय!"

मी थर्मामीटर बघितला. एकसष्ट.

मी चिमट्याने आतलं लाकूड ओढून काढलं. भट्टीचं झाकण उघडं टाकून आम्ही तिघांनी वारा घातला. आक्कांनी पदराने, मी माझ्या दैनिकाच्या त्या दिवशीच्या अंकाने. मामांनीही घातला, टोस्टच्या ट्रेने, मान खाली घालून. अकरा मिनिटांनी पारा पंचावन्नावर आला. रीळ वाकलं नव्हतं.

मामा मैद्याच्या पोत्यावर बसले. कपाळावर घाम होता आणि त्याला पीठ लागलं होतं.

"रेडीजबाई," ते म्हणाले, "एखादी गोष्ट छापून आली नाही, तर ती घडलीच नाही असं म्हणता येतं का?"

"नाही येत."

"मग छापता कशाला?"

"एक वाजून एकेचाळीस, पंचावन्न," मी लिहिलं.

साडेचारला इब्राहिमभाईंनी ट्रे बाहेर काढला. रीळ कोरडं खडखडीत होतं आणि त्याला लोण्याचा वास येत होता. आक्कांनी ते मलमलीत गुंडाळलं आणि त्या रात्री पेटी मामांकडे न देता इब्राहिमभाईंच्या घरी ठेवायला लावली. मामांनी हरकत घेतली नाही. इब्राहिमभाईंनी नानकटाया आम्हाला दिल्या. नानकटायांना टेपचा वास येत होता.

---

शनिवारी चार वाजता सभागृहात त्रेसष्ट माणसं होती. मी मोजली. समितीचे सात जण खुर्च्यांवर, बाकीचे सतरंजीवर. आक्का मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या खोलीतच बसल्या होत्या.

"आज वीस वर्षांनी भाऊसाहेब आपल्याशी बोलणार आहेत," दळी म्हणाले. "कोणाच्या बाजूने बोलतील ते त्यांचं ते ठरवतील. रेडीजबाई, शब्द न् शब्द लिहा. मामा, सुरू करा."

मामांना टेप खाचेत ओवायला तीन प्रयत्न लागले. लोण्याचा वास दुसऱ्या रांगेपर्यंत पोचला. चार वाजून बारा मिनिटांनी रीळ फिरायला लागलं.

आधी गुणगुण. मग एकदम खणखणीत, तरुण आवाज: "हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. मागे येतंय का ऐकू?"

"मामा!" सतरंजीवरून कुणीतरी ओरडलं. "तुम्ही हो!" लोक हसले, टाळ्या पडल्या. मामांनी डोळे मिटून घेतले.

"हॅलो. एक, दोन, तीन, चार. आक्का, चहाचं बघ ना."

आणि मग दुसरा आवाज, बाईचा, भरदार, वाऱ्यासारखा आत येणारा: "दूध नाय. कोरा चालेल?"

"चालेल."

उंबऱ्यावर आक्कांनी हात तोंडावर ठेवला. आपला सत्तेचाळिसाव्या वर्षीचा आवाज माणसाला सहसा परत ऐकायला मिळत नाही. लोक मागे वळून त्यांच्याकडे पाहत होते.

टेपवर कपबश्या खणखणल्या. काहीतरी फरफटत सरकलं. कट्ट असा आवाज झाला. मग गुणगुण.

मी चार चौदा ही वेळ लिहिली आणि पेन तयार ठेवलं.

चार सोळा, गुणगुण. चार वीस, गुणगुण. कोणी खोकलं, तर बाकीच्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. इतकी माणसं इतक्या एकाग्रतेने काहीच ऐकत नाहीत, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं; सात वेळा, दर १२ नोव्हेंबरला. पण तेव्हा यंत्र बंद असायचं.

"पुसट झालंय," दळी हलक्या आवाजात म्हणाले. "स्पीकरवर ठेवून ठेवून. पण आहे. कान देऊन ऐका."

लोकांनी कान दिले. काहींनी कानामागे हात धरले. चार एकतीसला दळी ताडकन उठले.

"ऐकलंत? 'इथे मुलांनी अभ्यास करावा.' आत्ता! ऐकलंत ना?"

समितीतल्या दोघांनी मान डोलावली. तिसऱ्याने त्या दोघांकडे पाहून डोलावली.

"काहीतरीच काय!" दुसऱ्या बाजूचे सभासद म्हणाले. "ते म्हणाले, 'तिला कोणी हलवू नये.' साफ ऐकू आलं. आवाज भरून आला होता त्यांचा."

"तुमचा भरून आला असेल!"

"वकीलसाहेब, कान तपासा!"

"मतदान घेऊ," दळी म्हणाले. "ज्यांनी अभ्यासाबद्दल ऐकलं त्यांनी हात वर करा."

पाच हात वर गेले.

"रेडीजबाई, लिहा. चार वाजून एकतीस मिनिटं. संस्थापक: 'इथे मुलांनी अभ्यास करावा.'"

"मला नाही ऐकू आलं."

"पाच जणांना आलंय."

"मग पाच जणांनी ऐकलं असं लिहिते. फितीत आढळलं असं नाही लिहीत."

"फरक काय पडतो?"

"ठरावात 'आढळल्यास' आहे. तुम्हीच लिहिलंय."

दळी वाईट गृहस्थ नव्हते. गुणगुणीत त्यांना खरोखरच भाऊसाहेब ऐकू आले होते, यावर आजही माझा विश्वास आहे.

"ठीक आहे. मामा, मागे घ्या. पुन्हा लावा. आता सगळ्यांनी तेवढंच वाक्य ऐकायचं."

टेप मागे गेली, पुन्हा पुढे आली. गुणगुण तशीच होती. यावेळी सहा हात वर गेले. सहावे सभासद दुसऱ्या बाजूचे होते. "आता मलाही तसंच वाटतंय," ते ओशाळून म्हणाले.

"सातात सहा," दळी म्हणाले. "आता तरी आढळलं म्हणाल की नाही?"

मी पेन टेकवलं नाही, पण आता माझ्या पेनाला कोण विचारत होतं? दळींनी स्वतःच इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि टोपण काढलं. उंबऱ्यावरच्या आक्का मात्र दळींकडे बघत नव्हत्या. त्या मामांकडे बघत होत्या.

मामांनी यंत्राचं बटण दाबलं. गुणगुण थांबली.

"त्यात काही नाही," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"त्यात भाषण नाही. कधीच नव्हतं. माइकची पिन चुकीच्या भोकात होती." मामा लोकांकडे नाही, रिळाकडे बघून बोलत होते. "त्याच संध्याकाळी घरी लावून बघितलं तेव्हा कळलं. म्हटलं, उद्या जाऊन भाऊसाहेबांना सांगू, परत दोन शब्द बोला म्हणू. धीर झाला नाही. आणि चौथ्या दिवशी ते गेलेच. अख्खं गाव माझ्या दारात. 'शिर्के, शेवटचा आवाज तुझ्याकडे आहे.' त्यांच्या पत्नीने माझे हात हातात घेतले. काय सांगणार होतो मी? म्हणून झिजेल, झिजेल करत बसलो. काल तर जाळायला निघालो होतो. वकीलसाहेब, जे नाहीच त्याच्यावर त्या बाईला घराबाहेर काढू नका. चूक माझी आहे."

मग सतरंजीवरून एक टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

"शिर्केमामा, मानलं!"

"आक्कासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं माणसाने!"

"अहो, मी खरं सांगतोय!" मामा ओरडले.

"कळतंय आम्हाला, मामा. सगळं कळतंय."

"पिन चुकीच्या भोकात होती हो!"

"असू दे, असू दे."

दळींनी चष्मा काढून पुसला. "मामा," ते म्हणाले, "वीस वर्षं जिवापाड जपलं ते आज एका बाईच्या खोलीसाठी तुम्ही 'नाही' म्हणालात. तुम्ही एवढं सोडू शकता, तर मला एक खोली सोडता येऊ नये?" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं: शब्द आढळले नाहीत. जैसे थे.

मामांना हार घालण्यात आला. हार गळ्यात घेऊन ते उभे होते, आणि इतका हताश माणूस मी सत्काराच्या जागी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

---

पुढचं आधी सांगून टाकते. त्या वर्षीचा श्रवणदिन आजवरचा सर्वांत मोठा झाला. पेटी उघडली तेव्हा रिळाला लाल मुंग्या लागल्या होत्या, लोण्याच्या वासाने. मुंग्या झटकून, हळदकुंकू वाहून दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. मामा त्यानंतर पाच वर्षं जगले. भेटेल त्याला ते पिनेची गोष्ट सांगत, आणि लोक मान डोलावून म्हणत, किती मोठं मन. आक्का २०१४ मध्ये वारल्या, त्याच खोलीत. आता तिथे अभ्यासिका आहे. मुलं अभ्यास करतात.

तर त्या शनिवारी. पाच पस्तीसला सभागृह रिकामं झालं. साडेसहाच्या आत माझी बातमी बूथवरून फॅक्सने जायला हवी होती. मी आक्कांच्या खोलीत स्टुलावर वही ठेवून लिहायला बसले. पहिली तीन वाक्यं सरळ होती. चौथं अडलं. शब्द का आढळले नाहीत?

मामा खरं बोलत होते, याबद्दल मला शंका नव्हती. लोहचुंबकाने भाषण पुसलं असतं, तर "एक, दोन, तीन" पुसलं गेलं असतं आणि आक्कांचा आवाजही. ते दोन्ही लख्ख होते. गावातल्या त्रेसष्ट माणसांपैकी हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. नाव घालून, कारण घालून लिहायचं म्हणजे मामांनी भर सभेत सांगितलेलं खरं छापायचं. एवढंच. माझं कामच ते.

"काय लिवलंस?" आक्कांनी स्टोव्ह पेटवत विचारलं.

"शिर्के यांनी माइकची पिन चुकीच्या भोकात घातल्याने भाषण ध्वनिमुद्रित होऊ शकले नाही, असे..."

"ते खोड."

"का? त्यांनी स्वतः सांगितलंय."

आक्कांनी पातेल्यात पाणी ओतलं. साखर टाकली. पत्तीचा डबा उघडला आणि बंद केला आणि परत उघडला.

"ऐकलास ना आज, कपबश्यांचा आवाज?"

"ऐकला. चार चौदा."

"ट्रे ठेवायला जागा नव्हती टेबलावर. मी ते यंत्र जरा बाजूला सारलं. पिन निघाली. कुणाचं लक्ष नव्हतं. भाऊसाहेब तेव्हाच आत येत होते, सगळे उठून उभे. मी घातली ती परत. दिसलं त्या भोकात."

मी पेन खाली ठेवलं.

"त्यांना वाटतं, त्यांनीच घातली," मी म्हणाले.

"हां."

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? टेपवर काही नाही हे?"

"पहिल्यापासून कसं माहीत असेल? मी काय यंत्रं शिकलेय? पण दोन-तीन वर्षं झाली, तरी मामा वाजवू देईनात. तेव्हा समजले."

"म्हणून ठराव वाचून घेत होतात."

"'अन्यथा' म्हणजे काय, ते पक्कं नको करायला?" त्यांनी पत्ती टाकली. "टेप जळली असती तर मी गेले होते विरारला. वाजली की झालं, मी इथे. आता वकील गुणगुणीतून एवढं काढतील, ते नव्हतं धरलं हां मी. तिथे मामाच आले कामी."

"आणि भाऊसाहेब? तुम्ही तर तिथेच होतात. खरंच काय बोलले ते खोलीबद्दल?"

"खोलीबद्दल?" आक्का हसल्या. "एकेचाळीस मिनिटं वाळवीवर बोलले, बाय. पुस्तकांना लागते ती. काय औषध मारायचं, कपाटं भिंतीपासून किती लांब ठेवायची. निम्मे झोपले होते. ती चौथी रांग तर पुरी."

"हे कुणाला सांगितलं का नाहीत?"

"मला विचारलंय कोणी?"

चहा उकळून वर आला. मी वहीकडे पाहिलं. सहा वाजले होते.

"मामांना सांगणार आहात?"

"आज हार घातलाय त्यांना. आज कसं सांगू?" आक्का म्हणाल्या. मग चहा खाली उतरवत, "सांगायला हवं खरं." त्यांनी दोन कप मांडले. त्यांतल्या एकाचा कान तुटलेला होता. "दूध नाय. कोरा चालेल?"

"चालेल," मी म्हणाले.

चौथं वाक्य मी खोडलं. त्या जागी "तांत्रिक कारणामुळे" असे दोन शब्द लिहिले. सहा वीसला फॅक्स गेला. सहा सव्वीसला बूथवरच्या फोनवर आमचे उपसंपादक वाडेकर होते. ते माझ्या बातम्यांना कधीच फोन करत नसत. करायची वेळच येत नसे.

"रेडीजबाई, हे तांत्रिक कारण म्हणजे काय? तुमची सवय नाही ही. नेमकं काय झालं?"

"नेमकं कळलेलं नाही."

"तुम्हाला?"

"मला," मी म्हणाले आणि फोन ठेवला.